डब्यातलं गोड दूध

भालचंद्र गेल्यावर सुनीतीने सगळ्यात जास्त धसका कसला घेतला असेल, तर पाहुण्यांचा. दिल्लीतलं मराठी घर म्हणजे अर्धी धर्मशाळाच. सांगली, पुणे, नाशिक, कुणी ना कुणी बॅगा घेऊन दारात उभंच. त्यांना दिल्ली दाखवायची भालचंद्रांनी आणि ते परत येईतो वरणभात तयार ठेवायचा सुनीतीने, ही वाटणी लग्नानंतर पडली ती पडलीच. ‘पुढच्या हिवाळ्यात तुला नक्की नेतो,’ असं ते म्हणायचे. हिवाळा लागला की पाहुणे हजर. सगळा जन्म दिल्लीत काढून या बाईने चांदणी चौक पाहिलेला नव्हता, आणि आता हे सांगायचीही चोरी.

या माघात पुतणी नीरजा आणि जावई अंशुमन आले आणि हट्टच धरून बसले. काका नाहीत, तर काकू, आता तुम्हीच चला. सुनीतीला तिथला रस्ताही ठाऊक नव्हता. पण नाही कसं म्हणणार?

मेट्रोत तिने भालचंद्रांचीच टकळी सुरू केली. पोळ्या लाटताना इतक्यांदा कानावर पडलेली, ती पाठच होती. लाल किल्ला ऊन चढायच्या आत उरकायचा. सायकलरिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवायचं. पराठा दोघांत एकच घ्यायचा, नाहीतर जिलबीला पोटात जागा उरत नाही. पानिपतला, काला अंबचं स्मारक बघायला, दुसऱ्या दिवशी जायचं, एका दिवसात दोन्ही कोंबायचं नाही. नीरजा म्हणाली, अगदी काकाच बोलतायत असं वाटतं. सुनीतीला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

एकच गोष्ट तिने पदरची सांगितली. दौलत की चाटच्या नादी लागू नका, नुसतं गोड दूध असतं ते. भालचंद्र दर हिवाळ्यात स्टीलच्या डब्यातून आणायचे. ती करवादायची, दूध आणायला एवढ्या लांब कशाला, कोपऱ्यावर डेअरी नाही का? ‘अगं, तिथे ते असं नसतं,’ ते सांगू लागायचे. पण तव्यावर पोळी असायची. पुरे तुमचं कौतुक म्हणत ती ओट्याशी उभ्या उभ्याच ते दूध घशाखाली घालायची.

किल्ला पाहून तिघं चांदणी चौकातल्या गल्लीत शिरली. तोंडाशीच दौलत की चाटच्या एका परातीवरची ओली मलमल फेरीवाल्याने बाजूला केली. खाली पिवळसर फेसाचा डोंगर. नीरजाने द्रोण हातात घेतला आणि विचारलं, “काकू, यात दूध कुठंय? हा तर सगळा फेस आहे.”

सुनीतीने चमचाभर तोंडात घातलं. जिभेला लागतंय न लागतंय तोच ते नाहीसं झालं, मागे नुसता केशराचा वास आणि गारवा. तिने आणखी एक चमचा घेतला. मग तिने फेरीवाल्याला विचारलं, हे बांधून मिळतं का? तो हसला.

“माताजी, घर पहुँचते-पहुँचते दूध हो जाएगा।”

तेव्हा तिला कळलं. दरवर्षी त्यांनी फेसच भरून घेतला होता. मेट्रो नव्हती तेव्हासुद्धा, बसच्या गर्दीत उभं राहून, डबा सांभाळत. आणि घरी पोचल्यावर तिची बोलणी खाल्ली होती. सुनीतीला रडू आवरेना. नीरजा घाबरली, काकू, बरं वाटत नाही का?

“मी इथे कधी आलेच नाही गं,” सुनीती म्हणाली. “कधीच नाही. मला वाटायचं, हे दूधच आणतात.”

पिशवीत वाटेसाठी घेतलेले लाडू होते, त्याच स्टीलच्या डब्यात. उरलेले तिने अंशुमनच्या हातावर ठेवले, डबा पदराने पुसला आणि पुढे केला. फेरीवाल्याने पुन्हा बजावलं, बैठ जाएगा.

“बैठने दो, भैया,” ती म्हणाली. “हमारे घर ऐसे ही आता है।”

परतताना मेट्रोत तिने डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. अंशुमन घेतो म्हणाला, तिने दिला नाही. घरी येऊन तिने भालचंद्रांच्या फोटोसमोर झाकण उघडलं. तळाशी पिवळसर दूध, नेहमीइतकंच. गॅसवर आज काही नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली आणि सगळं दूध हळूहळू प्यायली.