डोंगरावरची दगडी डोणी

मी एक जुनी दगडी डोणी आहे, मित्रांनो. वेल्समधल्या एका उघड्या डोंगरावर गुरांना पाणी पाजणं हे माझं काम. पाथरवटाने मला एका अखंड शिळेतून कोरलं आणि घोड्यांनी ओढत वर आणलं. सबंध डोंगरावर पाणी फक्त माझ्यापाशी, म्हणून गुरं माझ्याभोवतीच चरत आणि माझ्याभोवतीच बसत. मला त्याचा फार अभिमान होता. पलीकडच्या उतारावरचं गवत उभ्या उभ्या वाळून जाई आणि माझ्या पुढ्यातली जमीन उघडी पडत चालली होती. माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

लंडनच्या हॅरो भागात वाढलेली कस्तुरी लग्न होऊन या डोंगराच्या फार्मवर आली. तिचा नवरा ह्यू आजोबांच्या पद्धतीनेच गुरं सोडत असे. एका ओल्या मार्चमध्ये त्यांची थोरली काळी गाय पाणी प्यायला आली आणि माझ्यासमोरच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत ती गेली होती. माझ्या काठावर टेकलेलं तिचं तोंड हळूहळू गार पडलं.

ह्यूने निम्मी गुरं विकायचं ठरवलं. डोंगराला एवढी झेपत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्या आठवड्यात कस्तुरीचे वडील सतीश आले होते. त्यांना घेऊन ती माझ्यापाशी आली.

"बाबा, गुरं जास्त नाहीयेत. ती सगळी इथेच उभी राहतात, तो प्रॉब्लेम आहे."

"मग काय करणार तू?"

"पाणी तिकडे नेणार. आणि इथल्या जमिनीला रेस्ट."

ह्यूने एक वर्ष थांबायचं कबूल केलं. पलीकडे पाइप गेला, विजेच्या तारेच्या कुंपणाने डोंगराचे भाग पडले. एका भागात गुरं थोडे दिवस चरायची आणि गवत पुरतं खुरटायच्या आत पुढे जायची. माझ्यात पाणी सोडणारा नळ मात्र बंद. त्या हिवाळ्यात माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. आपली गरज संपली, असं मला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्याभोवती दाट गवत होतं. माझा नळ पुन्हा सुरू झाला. त्या गवतात गुरं आली, नवी वासरंही आली, आणि एकाचाही पाय रुतला नाही. ह्यूने एकही गाय विकली नव्हती. तो वाकून मुळांनी धरलेली माती बोटांनी चाचपत राहिला.

गुरं पुढे गेली तेव्हा या वेळी मला वाईट वाटलं नाही. मित्रांनो, दमलेली गाय खाली बसते, पण दमलेल्या जमिनीला बसता येत नाही. तिचं दमणं तुम्हीच ओळखा आणि वेळेवर तिच्यावरून उठा.