पडद्यामागचा ट्रम्पेट

पियानोवाला आपल्या सख्ख्या मित्राशी खोटं बोलला, तेही कार्यक्रमाच्या तोंडावर, त्याच्याकडे न बघता.

"हा पडदा कशाला?" फुंक्याने विचारलं होतं. फुंक्या म्हणजे बँडमधला ट्रम्पेटवाला. हे नाव पियानोवाल्यानेच त्याला ठेवलेलं.

"हॉलमध्ये आवाज घुमतोय. तू पडद्यामागून वाजव, असं रेडिओवाले म्हणतायत."

"बरं. तू म्हणतोयस ना, मग झालं."

फुंक्या एरवी कुणाचं असं निमूट ऐकून घेणारा नव्हता. काळ्या माणसाला त्या शहरात दारोदार कारणं ऐकवली जात, आणि ती सगळी त्याला तोंडपाठ होती. पण हे कारण देणारा गोरा पोरवयापासून त्याच्या घरात जेवत होता. फुंक्याची आई तर त्याला 'आमचा धाकटा' म्हणायची. आज आळीतल्या बायका गोळा करून ती रेडिओसमोर बसली असणार, आपली दोन्ही पोरं ऐकायला. फुंक्या ट्रम्पेट घेऊन पडद्यामागे गेला.

खरं कारण मॅनेजरने सकाळीच सांगितलं होतं. हॉल ज्या हॉटेलात होता, त्याचा हा मॅनेजर म्हणजे गोड बोलून गळा कापणारा इसम. "आमच्या पाहुण्यांना जॅझ फार आवडतं हो. स्टेजवर काळा माणूस मात्र नाही चालत. ट्रम्पेट हवाच, फक्त तो दिसायला नको. तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतो तो. आज सगळं नीट पार पडलं, तर इथलं काम तुम्हाला कायमचं."

पियानोवाल्याच्या बायकोला दिवस गेलेले होते. कायमचं म्हटल्यावर गडी विरघळला. "बघतो," म्हणाला. हे बघतो म्हणजे हो, हे मॅनेजरने लगेच ओळखलं.

दुपारी रेडिओचा लाल दिवा लागला, प्रक्षेपण सुरू झालं. पहिली धून झकास झाली. टाळ्या चालू असताना मॅनेजर एका जाड्या पाहुण्याला घेऊन थेट स्टेजपाशी आला. "काही काळजी करू नका, साहेब. पडद्याआड ठेवलाय त्याला. त्याच्या दोस्तानेच पटवलं."

पडदा कापडाचा होता. पियानोवाल्याला जे ऐकू आलं, ते फुंक्याला ऐकू आलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

दुसरी धून सुरू झाली. ट्रम्पेटची जागा आली आणि तशीच कोरी गेली. पियानोवाल्याची बोटं आपोआप पुढे धावली. समोरचा चुकला की सावरून घ्यायचं, साथीदाराचं कामच ते. शब्द विसरलेले गायक त्याने सावरले होते, झिंगलेले वादक सावरले होते. आजही त्याने इतकं बेमालूम भरून काढलं, की लोकांना ही पियानोचीच पाळी वाटली. मेला मॅनेजर मान डोलावत होता.

असंच शेवटपर्यंत वाजवलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. काम मिळालं असतं. फुंक्या मागच्या दाराने निघून गेला असता आणि पुन्हा कधी तोंड दाखवलं नसतं. पियानोवाल्याला स्वतःची मनापासून किळस आली.

त्याने पियानोवरून हात उचलले.

ड्रमवाला एकटाच थोडा रेटत राहिला, मग बावरून थांबला. मॅनेजर लांबून हातवारे करू लागला. पियानोवाला उठला आणि त्याने पडदा ओढला. फुंक्या ट्रम्पेट काखेत धरून उभा होता.

"आवाज घुमतोय म्हणालास," तो म्हणाला.

माइक चालूच होता. पियानोवाल्याने तरी सांगून टाकलं. "खोटं होतं ते. तू त्यांना दिसायला नको होतास. मी कबूल झालो, हे काम मिळावं म्हणून."

"आई ऐकतेय."

"माहितेय मला."

फुंक्या पुढे येऊन सगळ्यांच्या देखत माइकसमोर उभा राहिला. "बस पियानोवर. अर्धवट सोडलेलं तिला आवडत नाही."

त्याने जे वाजवलं, ते ऐकून जाड्या पाहुण्याच्या हातातला कप हातातच राहिला. पियानोवाला खाली मान घालून साथ करत होता आणि रडत होता.

धून संपल्यावर फुंक्याने ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि हॉलच्या मधून चालत पुढच्या दाराने बाहेर पडला. पियानोवाला कोट हातात घेऊनच मागे धावला.

"काम गेलं ना तुझं?" फुंक्याने विचारलं.

"गेलं. जाऊ दे. तू मला चार शिव्या तरी दे."

"शिव्या काय द्यायच्या?" फुंक्या म्हणाला. "सकाळी खरं सांगितलं असतंस, तर वहिनीसाठी आणि तुझ्या बाळासाठी मी उभा राहिलो असतो रे पडद्यामागे. तू विचारलंच नाहीस."

फुंक्या रस्ता ओलांडून घराच्या दिशेने निघाला. त्याच्या बरोबरीने चालायची आज पियानोवाल्याची छाती झाली नाही.