मेधाच्या डोक्यावरून पाहिलेलं सेंदाई

मी एक विग. केसांचा टोप म्हणा हवं तर, मला राग नाही.

मी कुणा एकीचा नाही. सकाळी विंचरल्यावर फणीत अडकलेलं गुंतवळ बायका बोटाला गुंडाळून कुठंतरी खोचून ठेवतात, आणि केसांवर भांडी देणारी बाई दारावर आली की ते देऊन वाटी नाहीतर गाळणी घेतात. त्या गुंतवळातून माझा जन्म झाला. बार्शीकडच्या, लातूरकडच्या कितीतरी जणी माझ्यात आहेत. त्यांच्या गप्पा ऐकतच मी वाढलो, म्हणून मला मराठी कळतं.

पुढं पोत्यात भरून मी निघालो. कुठल्याशा कारखान्यात मला सोडवलं, उकळलं, रंगवलं, आणि एका बारीक जाळीवर सुईनं माझा एकेक केस ओवला. शेवटी तोक्योतल्या एका दुकानात प्लास्टिकच्या डोक्यावर येऊन बसलो.

तिथं मेधा आली. सोबत नवरा प्रसन्न. तोक्योतल्याच फुनाबोरीला राहणारी ही पुण्याची जोडी. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती एका ऑफिसात भाषांतर करणारी, घरी एक लहान लेक. तिनं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, तेव्हा दुकानातल्या बाईनं अदबीनं नजर खाली घेतली. केमोनं मेधाचे सगळे केस गेले होते. मला चढवून ती आरशात बराच वेळ पाहत राहिली.

"कॉलेजात असे केस हवे होते मला," ती म्हणाली. प्रसन्न हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

त्या दिवसापासून मी तिचा झालो. रोज सकाळी ती मला हलक्या हातानं विंचरायची. खरे केससुद्धा कुणी इतक्या मायेनं विंचरत नसेल. तिचं कपाळ कधी तापलेलं असायचं, कधी गार घामानं ओलं. इतरांना दिसायचे ते नीट बसलेले केस. खालचं मला ठाऊक.

मग एक दिवस हॉस्पिटलात डॉक्टर फार सावकाश बोलले. आजार यकृतात उतरला होता. मेधानं सगळं ऐकून घेतलं, वाकून आभार मानले, आणि स्टेशनवर येताच फोन काढला.

"अनघा, आपलं सेंदाई राहिलंय गं."

अनघा म्हणजे तिची इथली पहिली मैत्रीण. नवऱ्यांच्या मागोमाग दोघी एकाच वर्षी फुनाबोरीत आल्या, एकाच वर्गात जपानी शिकल्या, एकाच कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवर उभ्या राहून बाइतो केला, तासावरचं काम. नवरे आणि पोरं घरी ठेवून दोघींनीच उत्तरेकडच्या सेंदाई शहरी जायचं, हे तेव्हाच ठरलेलं. पण अनघाच्या नवऱ्याचं काम नागोयाला गेलं आणि ते राहून गेलं. तिला आजाराचं काहीच माहीत नव्हतं.

"तिला सांग तरी," प्रसन्न म्हणाला.

"सांगितलं की ती माझ्याकडे रिपोर्ट वाचल्यासारखं बघायला लागेल. मला दोन दिवस नुसती मेधा व्हायचंय, प्रसन्न."

शनिवारी सकाळी तोक्यो स्टेशनवर अनघा धावत आली. मेधाला मिठी मारली आणि पहिलं लक्ष माझ्याकडेच गेलं. "अगं, काय केस केलेस! कुठली ट्रीटमेंट घेतेस?"

"चालू आहे एक," मेधा म्हणाली. "लांबलचक."

मला फुशारकी वाटायला हवी होती. वाटली ती लाज.

सेंदाईला उतरल्यावर अनघाच्या पायाला चाकं लागली. मोठमोठ्या झाडांखालचा तो रुंद रस्ता, दुकानांच्या ओळी, कोपऱ्याकोपऱ्यावर गाईच्या जिभा भाजणारी हॉटेलं. "इकडून चल, इकडून," म्हणत दोघी नाक दाबून, हसत पुढं सटकल्या. एका जुन्या दुकानात त्यांनी झुंदा मोची घेतली. तांदळाचे मऊ गोळे आणि त्यांवर कोवळ्या सोयाबीनचं हिरवं, गोड वाटण.

"आपल्या पुरणासारखं लागतं ना?" अनघानं विचारलं.

"अगदी."

मेधाला सगळ्याच खाण्याला लोखंडाची चव यायची. जबडा हलत होता, पण घास खाली उतरत नव्हता. अनघा फोटो काढायला वळली तेव्हा मेधानं तो हळूच रुमालात घेतला.

दुपारी बसनं किल्ल्याच्या टेकडीवर गेल्या. घोड्यावरच्या सरदाराचा पुतळा, खाली पसरलेलं शहर आणि सोसाट्याचा वारा. मेधानं मला एका हातानं दाबून धरलं. "हात काढ ना डोक्यावरून, फोटोत कशी दिसतेस बघ!" अनघा ओरडली. मग कठड्याला टेकून तिनं बाइतोच्या पहिल्या दिवसाची गोष्ट काढली. गिऱ्हाइकाला 'या' म्हणायच्या ऐवजी अनघानं मोठ्यानं 'इतादाकिमास' म्हटलं होतं. जेवायला बसताना म्हणतात ते.

"त्या माणसाला वाटलं असेल, ही मलाच खातेय आता!"

मेधा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या डोक्यावर बसून मी ते हसणं अनुभवलं. सगळी कवटी थरथरत होती. तेवढा वेळ तिला काहीही झालेलं नव्हतं.

मुक्काम अकिऊला होता, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी. अनघानं हौसेनं ठरवलेलं. खोलीत पोचताच तिनं कपाटातून दोघींचे युकाता, आंघोळीला जातानाचे सुती झगे, काढले. "चल, जेवण येईपर्यंत खाली बायकांच्या सामाईक कुंडात आंघोळ करून येऊ."

"तू जाऊन ये. मी पडते जरा."

"म्हणजे काय? इथं येऊन आंघोळ नाही करायची?"

"मला नको वाटतंय गं."

अनघानं युकाता खाली टाकला. "मेधा, सकाळपासून बघतेय मी. धड खात नाहीस, दर दहा पावलांवर बसतेस. यायचंच नव्हतं तर बोलवलंस कशाला? सासूबाईंच्या हातापाया पडून आलेय मी. तू पूर्वीची राहिलीच नाहीस."

 मेधानं दोन्ही हात वर नेले आणि मला काढून समोरच्या बुटक्या टेबलावर, चहाच्या कपांशेजारी ठेवलं.

बाहेरच्या ओढ्याचा आवाज आत येत होता.

"कुठं?" अनघानं विचारलं.

"आधी छातीत होतं. आता लिव्हरला."

"पण बरं होईल ना? माझ्या मावशीच्या नणंदेचं तर एकदम..."

"माझं नाही होणार."

अनघाला कळलंही नसेल, पण ती चटईवर हातभर मागं सरकली. मेधानं ते पाहिलं. तिनं विचारलं, "परत घालू का?"

"हो," अनघा पटकन म्हणाली. मग सावरून, "म्हणजे, तुला गार लागेल."

मेधानं मला उचलून पुन्हा चढवलं. मी जरा वाकडाच बसलो. तेवढ्यात जेवण घेऊन बाई आल्या. दोघी जेवायला बसल्या आणि जेवण किती सुंदर मांडलंय एवढंच बोलल्या.

रविवारी जवळच्या मात्सुशिमाला गेल्या. बोटीतून ती पाइनची झाडं डोक्यावर घेतलेली बेटं पाहिली. अनघानं मेधाची पिशवी तिला उचलू दिली नाही. हॉटेलात न विचारता तिच्यासाठी मऊ उदोन, जाड शेवयांचं सूप, मागवला. थट्टा एकही केली नाही. सारखं, "दमलीस का? बसतेस का?" मेधा दोनदा काहीतरी गमतीचं बोलली, तर अनघाचे डोळे भरून आले. मग मेधानं गंमत करणं सोडलं.

तोक्यो स्टेशनवर निरोप घेताना अनघानं तिला मिठी मारली, पण काचेचं भांडं उचलावं तशी. "पुढच्याच महिन्यात येते बघ मी."

ती आली नाही. मेसेज यायचे, हळदीचे, गव्हांकुराच्या रसाचे, कुठल्याशा वैद्यांचे. 'तू फायटर आहेस' असं लिहून शेवटी फुलं. येण्याचं दर वेळी पुढं जायचं. मुलांची परीक्षा, सर्दी, नवऱ्याचा दौरा. खोटं बोलत होती असं नाही. घाबरली होती. माणसं आजाराला घाबरतात आणि पळतात आजारी माणसापासून, एवढं मी पाहिलं आहे.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत मी खुंटीवरच असायचो. मेधाला माझं वजन सोसत नव्हतं. एकदा प्रसन्न म्हणाला, "मी फोन करून बोलावतो अनघाला."

"नको. सेंदाईत मला शनिवार मिळाला," मेधा म्हणाली. "रविवार नाही मिळाला. राहू दे."

थंडी सरता सरता ती गेली. तिथून निघताना कुणीतरी मला वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवलं.

अनघा आली ती सगळं आटोपल्यावर. फुनाबोरीच्या त्या छोट्या घरात ती खूप रडली आणि प्रसन्नला म्हणाली, "तिचं काहीतरी मला द्या." त्याला काय द्यावं सुचेना. तिनं मलाच मागितलं. प्रसन्ननं लेकीला विचारलं, "स्वरूपा, देऊ का गं मावशीला?"

"इरानाई," पोर म्हणाली. नकोय. आणि मान न वळवता टीव्ही पाहत राहिली.

आता मी नागोयाला आहे. रजया ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात, अगदी मागं, डांबरगोळ्यांच्या वासात. आणल्यापासून अनघानं मला एकदाही उघडलेलं नाही. रजई काढताना तिचा हात माझ्या खोक्याला लागतो आणि चटका बसल्यासारखा मागं जातो.

मागच्या आठवड्यात तिच्याकडं मैत्रिणी जमल्या होत्या. कपाटाच्या सरकत्या दारातून सगळं ऐकू येत होतं. अनघा सेंदाईचं सांगत होती. टेकडी, वारा, मोची. "शेवटपर्यंत हसत होती हो मेधा," ती म्हणाली. "कुणाला काही कळूच दिलं नाही तिनं."

सगळ्याजणी हळहळल्या.

अनघा, तुला कळू दिलं होतं. तुला एकटीलाच तिनं आपण होऊन दाखवलं होतं. मला जपून ठेव असं माझं म्हणणं नाही. जाळायचा कचरा नेतात त्या दिवशी पिशवीत घालून बाहेर ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. पण त्याआधी मैत्रिणी पुन्हा जमल्या की त्यांच्यात मला घेऊन जा, सगळ्यांसमोर खोकं उघड, आणि अकिऊला काय झालं ते एकदा, जसं झालं तसं, मोठ्यानं सांग.