खिळ्यावरचं फडकं

नातीच्या, सानवीच्या बारशाच्या वर्षी गोठ्यातल्या खिळ्यावर टांगलेलं ते पिवळं फडकं, आठ वर्षांत चहाच्या रंगाचं झालेलं, कालचं अजून ओलंच होतं... राजारामनं ते बादलीत बुडवून पिळलं, एका गाईची कास पुसली, दुसरीची पुसली, मग कपिलेची – आणि तिच्या पहिल्याच धारेत पांढऱ्या गुठळ्या आल्या. पुन्हा दगडी, तोच कासेचा रोग. कास तापलेली, कडक. कपिला पाय झाडत होती.

पण आता सखूवहिनी कुठे होती हात लावायला?

चार वर्षांपूर्वी अशाच तीन गाई बिघडल्या, तेव्हा धारा काढायला ही थोरल्या भावाची विधवा बायको येत असे. अंगणात चार माणसांसमोर तो बोलला होता, "वहिनी, ही तुझ्या हातांची घाण." ती राखेनं हात घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा हात घाण, नि तुमचं फडकं तेवढं सोवळ्यातलं, होय ओ भावजी?" माणसं हसली. हसली म्हणूनच तो पेटला – "उद्यापासून गोठ्यात पाऊल टाकू नको." तिनं टाकलं नाही. रचल्या दगडांच्या गडग्यापलीकडेच राहून मरेपर्यंत तिच्या चहात पिशवीचं दूध... आणि मी म्हणत होतो, माजलीय.

भिंतीवरचा कागद त्यानंच दापोलीच्या शेतकरी मेळाव्यातून आणून चिकटवला होता, गाईचं चित्र सुरेख म्हणून. खालच्या ओळींशी त्याचं देणंघेणं नव्हतं. यंदा पावसाळ्यात सुनेनं, श्रुतीनं, त्याच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली... आता ओलं बोट ठेवत तो वाचत गेला – प्रत्येक गाईची कास... वेगळ्या, स्वच्छ फडक्याने... एकच फडके वापरल्यास रोग... बोट थांबलं. खाली अजून दोन ओळी होत्या. त्या त्यानं वाचल्या नाहीत.

वहिनीला तर सहीसुद्धा येत नव्हती.

"बाबा, दूध आणताय ना?" पडवीतून श्रुती.

"कपिलेचं नको आज."

"का ओ? काय झालं?"

"फडकं..." एवढंच तोंडातून निघालं. मुठीतल्या फडक्याचं पाणी पायावर ठिबकत होतं. समोर गडगा, पलीकडे तिचं कडी लावलेलं दार – ती आत असती तर मी गेलो असतो का?

सखूवहिनी गेल्या वर्षी देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वारली.