जादूच्या पेटीची अडलेली खिटी

मित्रांनो, आधी माझ्या झाकणावरचा तो तांदळाचा डबा खाली घ्या, मग बोलते. मी एक जुनी सागवानी पेटी आहे, घुग्घुसचे जादूगार बाबूभाई यांच्या खेळातली. आता माझ्यात गोधड्या ठेवतात. ठेवोत बापडे. गोधड्या निदान गुदमरत तरी नाहीत.

मुबीन मिस्त्रींनी मला १९९२ साली घडवले. एक माणूस पाय दुमडून बसेल एवढी जागा माझ्यात केली. मागची फळी बिजागऱ्यांवर उघडणारी केली आणि तिला आतून लाकडी खिटी बसवली. बाबूभाईंची बायको खुर्शीदा माझ्यात बसे आणि बाबूभाई झाकणाला कुलूप लावत. खुर्शीदा खिटी सरकवून मागच्या पडद्याआड निघून जाई. मग बाबूभाई रिकामी पेटी उघडून दाखवत, तोवर खुर्शीदा लोकांच्या पाठीमागून हसत चालत येई. टाळ्यांचा कडकडाट होई आणि कौतुक बाबूभाईंचे होई.

उन्हाळ्यात घुग्घुसची कोळशाची धूळ नको वाटे. तिथल्या खाणकामगारांना सारे खेळही पाठ झाले होते. म्हणून एप्रिल लागला की नवराबायको मला एसटीच्या टपावर चढवत आणि सावली, आरमोरी अशी गावे करत जंगलातल्या गावांकडे निघत. पुढे बैलबंडी.

बाबूभाईंनी लग्नानंतर खुर्शीदाला वचन दिले होते, "तुले दुनिया दाखवीन." ते वचन त्यांनी फार मनावर घेतले होते. वैनगंगेचे पात्र दिसले की बंडी थांबायची. मोहाच्या झाडाखाली पडलेली फुले टिपायला हरणे आलेली दिसली की बंडी थांबायची. एखादे पांढऱ्या खोडाचे झाड दिसले तरी थांबायची. दोघे सावलीत बसून पाहत आणि मी बंडीत उन्हात तापत असे. सहा उन्हाळे असेच गेले. माझे लाकूड वाळले, मागची फळी वाकली आणि खिटी अडू लागली.

सन १९९८. सावलीच्या बाजारातला खेळ आटोपल्यावर खुर्शीदा म्हणाली, "अजी, खिटी अटकून राह्यली. आज अंगठा सोलला माझा."

"उद्या पाह्यतो," बाबूभाई म्हणाले. उद्या उजाडला आणि त्यांनी तिला तलावातली कमळे दाखवली.

आरमोरीत ती पुन्हा म्हणाली, "खिटीचं काही करा. किती डाव सांगू?"

"तू काऊन चिंता करतं? तेल टाकतो ना." आणि ते तिला नदीवर सूर्योदय पाहायला घेऊन गेले. फळी तासायला एक पटाशी आणि घटकाभर वेळ, एवढेच मला हवे होते. सूर्योदयाला त्यांच्याकडे वेळ होता.

आरमोरीच्या पुढे जंगलातले एक गाव होते. तेंदूपत्ता तोडून लोक घरी परतले होते आणि उतरत्या उन्हात चौकात जमले होते. खुर्शीदा माझ्यात बसली. झाकण लागले, कुलूप लागले. तिने खिटी ओढली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, खांदा लावला. मी जीव खाऊन सैल व्हायचा प्रयत्न केला, पण वाकलेली फळी खिटीला सोडेना.

अडचण आली तर तीनदा ठोकायचे, असे दोघांचे ठरले होते. सहा वर्षांत तशी वेळ न आल्यामुळे बाबूभाई ते साफ विसरले होते. खुर्शीदाने तीनदा ठोकले. बाबूभाईंना वाटले, बायको खेळात रंग भरते आहे.

"ऐका मंडळी," ते डमरू वाजवत म्हणाले, "आतमध्ये भूत आलं."

लोक हसले. तिने पुन्हा ठोकले. लोक आणखी हसले. मग ठोकणे हळू झाले. तिच्या घामाने माझा तळ ओला झाला आणि तिचा श्वास तुटू लागला. मला तोंड नाही, याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

पुढच्या रांगेत सोमारी नावाची बाई बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "भाऊ, डमरू ठेव. ते बाई मजाक नाई करून राह्यली."

बाबूभाई डमरू टाकून कुलपाकडे धावले. घाईत किल्ली कुलपात जाईना. सोमारीचा नवरा मंगरू याने कुऱ्हाडीचा दांडा कडीत अडकवून ती उपटून काढली. खुर्शीदा आत मान टाकून पडली होती. सोमारीने तिला बाहेर ओढले, तोंडावर पाणी मारले, पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. खेळाचे गुपित सगळ्या गावाने पाहिले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमारीच्या अंगणात बाबूभाई हळूच म्हणाले, "चाल, नदी पाहून येऊ. तुले बरं वाटन."

खुर्शीदा म्हणाली, "नदी राहू द्या. पेटीत बसा."

ते निमूट बसले. तिने झाकण लावले आणि वर बसून राहिली. सोमारी चहा घेऊन आली, दोघींनी तो सावकाश प्यायला. आतून पहिल्यांदा ठोकल्याचा आवाज आला, तशी ती ताबडतोब उठली आणि झाकण उघडले. बाबूभाई घामाने निथळत बाहेर आले. त्यांनी मंगरूकडून पटाशी मागून आणली आणि दुपारपर्यंत माझी फळी तासत बसले.

"आता खेळ मी करीन," खुर्शीदाने सांगितले. "आत तुम्ही."

त्यानंतर सहा उन्हाळे ती बाहेर उभी राहून खेळ करत होती आणि ते आत बसत होते. टाळ्या तिला मिळत. रोज सकाळी चहाच्याही आधी ते माझी खिटी सरकवून पाहत. पुढे त्यांचे गुडघे दुमडेनासे झाले आणि मी घरात आले.

मित्रांनो, वस्तूला तेलपाणी करा, हे तर कोणीही सांगेल. मी सांगते, आत बसणाऱ्याचे ऐका. खिटी अडते असे तो म्हणाला, तर त्याच दिवशी पटाशी हातात घ्या. वैनगंगा दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.