गाढवाच्या चष्म्याला पहिला नंबर

व्यापारी संघाचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्या, तसे लोक खिडक्यांत चढून बसले. स्टेजवर कोट घातलेला एक गुळगुळीत माणूस, त्याच्या मागे पडदा, आणि पडद्यावर सर्चमध्ये पहिल्या नंबरला माझ्या थोरल्या जाऊबाईंचं गाद्यांचं दुकान! टाळ्यांनी हॉल दणाणला. पहिल्या रांगेत जाऊबाई मान ताठ करून बसल्या होत्या. इकडे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सांगून टाकते, आमचं दुकानही गाद्यांचंच. भाऊ-भाऊ वेगळे झाले, एका दुकानाची दोन झाली. समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. तेव्हा मला आग लागणार नाही तर कुणाला लागणार?

तो कोटवाला स्वतःला नामतज्ज्ञ म्हणवायचा. मी त्याचं नाव ठेवलं फोल्डरमहाराज.

"वेबसाइटवरच्या फोल्डरला तुम्ही नाव काय देता? 'नवीन फोल्डर दोन'! अहो, पोराचं नाव 'नवीन पोरगं दोन' ठेवाल का?" हॉल खदखदून हसला. "नावात शक्ती असते, मंडळी. शब्द, मग आडवी रेघ, मग पुन्हा शब्द. त्या रेघेतून ऊर्जा वाहते! मी वहिनींच्या एकूण एक फाइलींची, फोल्डरांची नावं बदलली. आता मोबाइल काढा आणि मी सांगतो तेच टाइप करा. पाठदुखी, शांत, मऊ, सुखनिद्रा, राजेशाही, स्वस्त, गादी."

लोकांनी टाइप केलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर पहिल्या नंबरला जाऊबाई. "अरे बापरे!" "कमाल आहे बुवा!" शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने तर मोबाइल कपाळाला लावला.

मी नुसतं 'गादीचं दुकान' टाइप केलं. पहिल्या पानावर जाऊबाई नाहीत. दुसऱ्या पानावर नाहीत. मी उठून तसं मोठ्याने सांगितलं.

महाराज गोड हसले. "ताई, मनात मत्सर ठेवून टाइप केलं की निकाल येत नाही. आधी मन स्वच्छ करा."

सगळा हॉल हसला. जाऊबाईही मागे वळून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात मत्सर होता, हे खरंच होतं. पण मोबाइलला तो कसा कळला?

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्याच्या सभेत आपलीही वेबसाइट त्यांच्या हवाली करायची. सगळी नावं बदलून टाकू दे."

"अहो, पण चालतंय ते कशाला बिघडवायचं?" मी म्हटलं. दवाखान्यात पाठदुखीवाल्यांना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या वेबसाइटवर आमच्या दोन्ही दुकानांच्या पानांचे पत्ते दिले होते. बहुतेक गिऱ्हाइकं तिथूनच फोन करून गाद्या मागवायची. ती तुटली असती, तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

"तुला वहिनींचं चांगलं बघवतच नाही," हे म्हणाले.

"नाहीच बघवत!" मी म्हटलं.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक नसलं की मी खिडकीशी. समोर जाऊबाई काउंटरवर ऐटीत बसलेल्या. माझ्याकडे बघून हसायच्या, आणि माझा जीव जळायचा. जळता जळताच एक गोष्ट डोक्यात आली. महाराज शब्द नेहमी स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणाला शब्द निवडू देत नाहीत! का बरं?

मी आमच्या वेबसाइटवर एक नवं पान केलं. फोल्डरला नाव दिलं, 'गाढवाला-चष्मा-लावणारं-दुकान'. पानावरही तेच एक वाक्य लिहिलं आणि गप्प बसले. काही दिवसांनी सर्चने त्या पानाची नोंद घेतली.

सभेचा दिवस उजाडला. आमचे हे पासवर्ड घेऊन स्टेजकडे निघाले, तोच मी ओरडले, "थांबा! मंडळी, मोबाइल काढा. आज शब्द मी सांगते. गाढवाला चष्मा लावणारं दुकान!"

लोकांनी हसत हसत टाइप केलं. पहिल्या नंबरला आमचं दुकान.

"आम्ही गाद्या विकतो," मी म्हटलं. "गाढवाला चष्मा लावायचा कुणाला सुचत नाही, कुणी तसं लिहीत नाही, म्हणून मी पहिली. जिथे पळणारा एकटाच, तिथे पहिला नंबर कुणाचा येणार? महाराज फोल्डरला सात शब्दांचं नाव देतात, मग तेच सात शब्द तुमच्याकडून टाइप करून घेतात. 'शांत सुखनिद्रा राजेशाही' असं शोधत आजवर कुणी गादी घेतली आहे का?"

महाराजांना घाम फुटला, पण जीभ वळवळतच होती. "हा योगायोग! थोरल्या वहिनींनाच विचारा ना, धंदा वाढला की नाही?"

सगळ्यांच्या नजरा जाऊबाईंकडे वळल्या. त्या उठल्या, खुर्चीची पाठ घट्ट धरली. "महिना झाला, एक फोन नाही. डॉक्टरीणबाईंकडची माणसं भेटली की म्हणतात, तुमचं पान सापडतच नाही."

"सापडेल कसं?" मी म्हटलं. "फोल्डरचं नाव बदललं की पानाचा पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नवा रस्ता लावून द्यावा लागतो. महाराजांनी घर हलवलं आणि दारावर साधी पाटीसुद्धा ठेवली नाही!"

गडबडीत महाराज मागच्या दाराने कधी सटकले, कळलंच नाही.

संध्याकाळी जाऊबाईंच्या दुकानात बसून आम्ही दोघींनी जुने पत्ते परत जोडले. दुकान गाद्यांनी छतापर्यंत भरलेलं. एकही विकली गेली नव्हती.

"वहिनी, महिनाभर बोलला का नाहीत?"

"अगं, मलाही शंका यायची," त्या हळूच म्हणाल्या. "पण समोर बघितलं की तू खिडकीत जळत उभी. वाटायचं, ही एवढी जळतेय म्हणजे माझं नक्कीच काहीतरी चांगलं चाललंय."

महाराजांच्या चमत्काराचा सगळ्यात मोठा पुरावा मीच होते, फुकटात.

तर मंडळी, फाइलींना, फोल्डरांना समजतील अशी नावं जरूर द्या. डब्यावर चिठ्ठी लावली की सापडायला सोपं जातं, पण चिठ्ठीने डबा भरत नाही. कुणी पहिला नंबर दाखवला, तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, शब्द कुणी निवडले? गिऱ्हाईक खरंच आलं का? आणि समोरच्याचं भलं झालंय असं वाटून पोटात दुखायला लागलं, तर खिडकीत उभं राहू नका. रस्ता ओलांडून आत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.