दुजामावशींकडच्या फांद्या

सासूबाईंची जिरेनियमं माझ्याच हातून मेली. त्या हिवाळ्यात त्या पडल्या आणि दोन महिने अंथरुणाला खिळल्या. डोळे तर आधीच गेले होते. अंगणातला वाफा माझ्यावर आला. "थंडीत पाणी घालू नकोस गं," त्या बजावायच्या. पण पानं जरा मलूल दिसली की मला राहवायचं नाही. जानेवारीत खोडं बुंध्यापाशी काळी पडली, हात लावताच निखळली.

माझं धाबं दणाणलं. त्या झुडपांची मूळ फांदी त्यांनी लग्नात दार शाबान गावाहून, आईच्या अंगणातून आणली होती. दर वसंतात त्यांचीच पानं अर्काच्या भट्टीत घालून आम्ही सुगंधी पाणी काढायचो, आमच्या नाबुलमध्ये घरोघर काढतात तसं. मी गुपचूप रोपवाटिकेतून दहा रोपं आणून लावली.

मार्चमध्ये माझा खांदा धरून त्या अंगणात आल्या. वाकून एक पान चुरडलं, नाकाशी नेलं.

"ही कुणाच्या घरची गं?"

मी रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला आत ने," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तसलं झुडूप आता एकाच घरी उरलं होतं, माहेरच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, दुजामावशींकडे. दोघी एकोणीस वर्षं बोलत नव्हत्या. दुजामावशींनी आजारी आईचं चार वर्षं एकटीनं केलं; सासूबाई फक्त ईदला जायच्या. आईला दफन केलं त्या दिवशी मावशी चारचौघींत म्हणाल्या, "पाहुण्यांना आधी कॉफी द्या," आणि पहिला कप थोरल्या बहिणीच्या हातात ठेवला.

मी न सांगता दार शाबानला गेले.

"तिनं पाठवलं?" मावशींनी दारातच विचारलं.

"नाही. झाडं मी मारली."

"रोज पाणी घातलंस ना? बुडवलीस की गं बिचाऱ्यांना!" त्यांनी कात्री आणली, बारा फांद्या कापल्या. "दिवसभर सावलीत सुकू दे, मग लाव. माती दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय थेंब घालायचा नाही."

"मावशी, तुम्हीच चला ना."

"फांद्या ने. मला कशाला ओढतेस?"

घरी सासूबाईंनी फांद्या हुंगल्या.

"दुजा म्हातारी झालीय का गं?"

"तुमच्यासारख्याच दिसतात."

"म्हणजे झालीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचपडत बाराही फांद्या स्वतः लावल्या. महिन्याभरानं नऊंना नवी पानं फुटली. तेव्हा मला जवळ बसवून म्हणाल्या, "जा, तिला सांग. नऊ जगल्या म्हणावं. आणि म्हणावं, त्या चार वर्षांत मी यायला हवं होतं. चुकलं माझं."

मी शब्दन् शब्द सांगितला. मावशींनी खुंटीवरची, बाहेर जाताना पांघरायची पांढरी चादर अंगावर घेतली. "चल."

त्या दुपारी दोघी वाफ्याशी हातात हात घेऊन बसल्या होत्या. कोण कोण गेलं ते एकमेकींना सांगत होत्या. मग मावशी दर शुक्रवारी येऊ लागल्या.

जूनमध्ये सासूबाई गेल्या. शेवटची अंघोळ घालायला शेजारणी पुढे झाल्या, पण मावशींनी बाह्या वर सारल्या.

"सरका गं. आईचं मी केलं, हिचंही मीच करणार."

मी पाणी ओतत होते. बहिणीचे केस विंचरताना मावशींना हुंदका आवरला नाही.